टाऊन हॉलचे छप्पर आधी बघा, दर्जे मग भरा

विचारलेले थोडक्यात असे: कोल्हापूरचा टाऊन हॉल मुळात चर्च होता का? नसेल, तर अंबाबाईच्या गावात ही असली टोकदार इमारत आली कुठून? त्यालाच जोडून दुसरा प्रश्न आहे, आणि मला वाटते पोटातला प्रश्न तोच. विचारणाऱ्यांच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेचे जुने दगडी सभागृह आहे. ते गळते. बाहेरून सगळे दर्जे, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरायचे आणि आतून सिमेंटचा गिलावा करायचा, असा ठराव होऊ घातला आहे. होऊ द्यावा का?

पहिल्याचे उत्तर: चर्च कधीच नव्हते. दुसऱ्याचे: एवढ्यात होऊ देऊ नका. तीसेक वर्षे जुन्या दगडी इमारतींच्या डागडुजीत गेली आहेत, त्यातली पहिली काही वर्षे चुका करण्यात. त्या जमेस धरून सांगतो.

टाऊन हॉल बांधला १८७२ ते १८७६ या काळात. आराखडा मेजर चार्ल्स मँट याचा. हा रॉयल इंजिनिअर्सचा, म्हणजे लष्करी अभियंता. इमारत गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी-मनोऱ्यांच्या युरोपीय शैलीतली. गॉथिक म्हटले की आपल्याला चर्च आठवते, कारण आपण ती शैली बहुतेक चर्चमध्येच पाहिलेली असते. पण त्या वेळी इंग्लंडात कोर्ट, स्टेशन, नगरसभागृह, सगळे याच शैलीत चालले होते, आणि मुंबईतही तेच वारे होते. मुंबईच्या व्ही.टी. (आताचे सीएसएमटी) स्टेशनचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. म्हणजे व्ही.टी.चा पाया पडायच्या आधी आपला टाऊन हॉल उभा होता. कोल्हापूरने मुंबईची नक्कल केली असे कुणी म्हणाले, तर ही दोन साले पुढे करावीत.

पण या कामामागे एक दुःखद प्रकरण आहे. छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. वय अवघे वीस. तिथेच, आर्नो नदीच्या संगमावर, त्यांचे दहन झाले. मागे गादीवर दत्तक आले ते चौथे शिवाजी महाराज अजाण होते, आणि कारभार इंग्रज सरकारच्या पॉलिटिकल एजंटच्या देखरेखीखाली गेला. अशा दिवसांत सार्वजनिक इमारत उठते तेव्हा ती कुणाच्या आवडीची उठणार, हे सांगायला नको.

आता गंमत ऐका. फ्लॉरेन्समध्ये महाराजांच्या दहनाच्या जागी स्मारक झाले १८७४ मध्ये. महाराजांचा अर्धपुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराचा, आणि त्यावरची छत्री मँटची. चांगली भारतीय वळणाची, घुमटाची छत्री! म्हणजे टाऊन हॉलचे काम चालू असताना हाच गृहस्थ इटलीत हिंदी छत्री उभी करत होता आणि इकडे कोल्हापुरात युरोपातले गॉथिक. फ्लॉरेन्सवाले त्या भागाला अजून ‘इंदियानो’ म्हणूनच ओळखतात, पुढे झालेल्या पुलालाही तेच नाव पडले. तिथला एखादा माणूसही विचारत असेल, की आमच्या नदीकाठी हे असले काय आणि कसे आले. तुमचा प्रश्न एकटा नाही.

नंतर मँट बदलला. १८७७ ला सुरू झालेला नवा राजवाडा बघा: तिथे कमानी, घुमट्या, छत्र्या, घड्याळाचा मनोरा अशी भेळ आहे, आणि ती जमलेली आहे. बडोद्याचा लक्ष्मी विलास आणि अजमेरचे मेयो कॉलेज हेही त्याचेच आराखडे. १८८१ मध्ये तो वारला, बडोद्याचे काम रॉबर्ट चिझमने पुरे केले. आपले हिशेब चुकले, इमारती कोसळणार, या भीतीने त्याचे डोके फिरले अशी एक कथा सांगतात. कथा खरी असो नसो, या इमारती उभ्या आहेत. मला मात्र नव्या राजवाड्यापेक्षा टाऊन हॉल जवळचा वाटतो. राजवाड्यात देखावा जास्त. टाऊन हॉलमध्ये दगड आणि छप्पर, बस्स.

आता त्या टोकदार कमानीबद्दल. ती साहेबाने आणली, असे सर्रास ऐकू येते. पन्हाळ्याला जाऊन या. तीन दरवाजा आदिलशाहीतला, अंबरखान्याच्या कोठ्या त्याहून भक्कम, आणि दोन्हीकडे टोकदार कमानी आहेत. मँट जन्मायच्या तीनशे वर्षे आधी कोल्हापूरच्या डोंगरावर पाथरवट टोकदार कमान बांधत होते. दगड घडवणे तर त्याहून जुने: अंबाबाईच्या देवळाचे मूळ दगडी काम पाहा, दगडावर दगड नुसता बसवलेला, मध्ये चुना नाही. तेव्हा टाऊन हॉलवर काम करणाऱ्या हातांना काळा दगड नवा नव्हता आणि कमानही नवी नव्हती. कागद साहेबाचा, टाकी (दगड घडवायची छिन्नी) आपली.

आणि टाकी दिसते. सकाळी नऊच्या सुमारास ऊन भिंतीला घासून जात असते तेव्हा कुठल्याही काळ्या दगडाच्या जुन्या इमारतीजवळ जाऊन बघा. दगडाच्या कडेने बोटभर पट्टी गुळगुळीत केलेली असते, मध्ये टाकीचे ठोके उमटलेले असतात. ठोक्यांची तिरकी ओळ दगडागणिक बदलते. एखाद्याचा हात उजवीकडून, एखाद्याचा डावीकडून. दुपारी हेच सगळे सपाट दिसते.

युरोपातल्या गॉथिकमध्ये दगडाची लेस विणल्यासारखी नक्षी असते, ती आपल्याकडे शोधू नका. तिकडचा दगड मऊ, चुनखडीचा नाहीतर वाळूचा. आपला काळा दगड, बसाल्ट, टाकीचे तोंड मोडतो. मुंबईत त्यावर तोड काढली: भिंत काळ्या दगडाची आणि नक्षीला पोरबंदरचा पिवळसर दगड. कोल्हापुरात बसाल्टलाच गॉथिक बोलायला लावले, म्हणून ते मोजकेच बोलते. इमारतीचा चेहरा जो वेगळा वाटतो, त्यात दगडाच्या या हट्टाचा वाटा मोठा आहे.

दुसरा वाटा छपराचा, आणि इथून तुमचे सभागृह सुरू होते.

टाऊन हॉलचे छप्पर चांगले उभे, उतरते आहे. मनोऱ्यांच्या टोप्या त्याहून उभ्या. साहेबाच्या देशात बर्फ पडतो म्हणून अशी छपरे, आपल्याकडे कशाला, असे म्हणणारे स्थापत्यकार मला भेटले आहेत. त्यांनी जुलैत गगनबावड्याला चार दिवस राहून यावे. आपल्या कोकणघाटावरच्या घरांची पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, काय सपाट असतात? पाऊस जिथे दिवसेंदिवस थांबत नाही तिथे पाणी भिंतीपासून लांब टाकायचे, हा एकच नियम, मग घर कौलारू असो की गॉथिक.

अशा छपराचे वजन उतरते लाकडी कैच्यांवर. कैचीचे दोन तिरके वासे भिंतींना बाहेर ढकलायला बघतात, आणि खालची आडवी तुळई त्यांना ओढून धरते. तुळईची टोके भिंतीत गाडलेली असतात, नेमकी वळचणीखाली. तिथली पन्हळ तुंबली की पाणी मागे वळते, भिंतीच्या डोक्यात शिरते, आणि तुळईचे टोक आतल्या आत भुसा होते. खालून बघणाऱ्याला तुळई धडधाकट दिसते, रंग लावलेला असतो. मग भिंत वरच्या बाजूला बाहेर कलते, खिडकीच्या कमानीला माथ्यावर चीर पडते, आणि लोक म्हणतात पाया खचला. पाया बहुधा जागेवरच असतो. पिंपळाच्या पानांनी बुजलेली पन्हळ कुणी बघितलेली नसते.

म्हणून तुमच्या सभागृहात पहिले काम हे करा. शिडी लावा, जाड टोच्या घ्या, आणि प्रत्येक तुळईचे भिंतीत शिरणारे टोक टोचून बघा. टोच्या सुतासारखा आत गेला तर तिथे खूण करा. माझ्या अनुभवात ओल असलेल्या बाजूला दोन-तीन टोके तरी गेलेली निघतात. पूर्ण तुळई बदलावी लागत नाही. कुजलेला भाग कापून जुन्या सागाचा तुकडा सांध्याने जोडता येतो, पण त्यासाठी सुतार कसबी हवा. शिवाय दोन पाखी जिथे मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ बघा. दहापैकी सात गळत्या तिथल्या असतात, हा आकडा कुठल्या पाहणीतला नाही, माझ्या गुडघ्यांचा आहे.

आता दर्जे. इथे माझी चूक सांगायलाच हवी.

नवा होतो. एका नगरपालिकेची जुनी दगडी कचेरी, भिंतीला आतून ओल. मी मोठ्या आत्मविश्वासाने बाहेरून सगळे दर्जे सिमेंटने भरून घेतले. तेही उभार काढून, कासवाच्या पाठीसारखे, वर काळी रेघ मारून. उद्घाटनाला सगळे खूश. पहिला पावसाळा कोरडा गेला. दुसऱ्यात आतल्या गिलाव्याला फुगे आले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर आतून भिंतीला लोणा, म्हणजे क्षाराची पांढरी पूड, धरला, चुन्याच्या गिलाव्याचे पोपडे हातात यायला लागले, आणि कपाटातली जन्म-मृत्यूची जुनी दप्तरे बुरसली. तिथल्या म्हाताऱ्या शिपाईमामांनी मला भिंतीवर हात ठेवायला लावला आणि म्हणाले, “साहेब, आधी ओली होती, आता भिजलीया.” ते वाक्य मी विसरलो नाही.

झाले होते असे. बसाल्ट पाणी पीत नाही म्हटले तरी चालेल. मग भिंतीत गेलेले पाणी ये-जा करते ते दर्जांतून. चुन्याचा दर्ज पाणी थोडे घेतो आणि ऊन पडले की सोडतो, भिंत श्वास घेते असे जुने गवंडी म्हणतात ते हेच. सिमेंट भरले की बाहेरची वाट बंद. पण वरून, पन्हळीतून आणि भिंतीच्या डोक्यातून पाणी येतच असते. त्याला जायला मग आतली बाजू उरते, आणि जाता जाता ते क्षार बरोबर नेते. त्यात सिमेंट चुन्यापेक्षा ताठ. उन्हाने दगड तापतो, रात्री निवतो, भिंत केसभर हलते. चुना त्या हालचालीबरोबर जातो. सिमेंट दगडाच्या कडेपासून सुटते आणि तिथे केसाएवढी फट पडते. ती फट पाणी आत ओढते, बाहेर सोडत नाही. आणि माझे ते उभार दर्जे! प्रत्येक दर्जाच्या डोक्यावर पावसाचे पाणी बसायला छान ओटा करून दिला होता मी.

२०१९ च्या महापुरानंतर हेच उलट्या बाजूने बघायला मिळाले. एका जुन्या वाड्यात पाणी कमरेपर्यंत चढले होते. चुन्याच्या भिंती दिवाळीच्या सुमारास बऱ्यापैकी वाळल्या. त्याच वाड्यात एका खोलीला कधीतरी सिमेंटचा गिलावा झाला होता, ती खोली पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुबट वास मारत होती.

टाऊन हॉलच्या बाबतीत ही ओलीची गोष्ट अधिक नाजूक, कारण आत संग्रहालय आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ च्या सुमारास उत्खनन झाले, त्यातल्या वस्तूंपासून हे संग्रहालय सुरू झाले. त्यातला पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, बघितला नसेल तर मुद्दाम बघा. कांस्याची मूर्ती, ओंजळीत मावेल एवढी, सातवाहन काळात रोमन व्यापाराबरोबर इथवर आलेली. समुद्र इथून शंभर किलोमीटरवर, मध्ये सह्याद्री, आणि समुद्रदेव पंचगंगेकाठी! कांस्याला ओल आणि क्षार एकत्र मिळाले की हिरवी पूड धरते आणि धातू आतून खात जाते. म्हणून अशा इमारतीत भिंतीची डागडुजी म्हणजे कपाटातल्या वस्तूंची डागडुजी. दोन्ही वेगळ्या खात्यांची कामे धरली की गडबड होते. तुमच्या सभागृहात मूर्ती नसेल, पण जुनी दप्तरे असतीलच.

मग चुना कसा करायचा? आधी मूळ चुना ओळखा. आतल्या दर्जातून, जिथे पाऊस लागत नाही, सुपारीएवढा खडा काढा. काचेच्या पेल्यात टाका, वर फरशी धुवायचे ॲसिड बेताने ओता, लांब उभे राहा. चुना फसफसून विरघळतो, तळाशी वाळू उरते. ती धुवून वाळवून तळहातावर घ्या: जाड आहे की बारीक, नदीची गोल आहे की भरडलेली, लाल कण आहेत का. लाल कण दिसले तर सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, घातलेली आहे. तुमचा नवा माल याच्या जवळपास हवा, त्याहून कडक नको. सगळी प्रयोगशाळा एवढीच असते असे नाही, पण एवढ्याने ठेकेदाराशी बोलायला तोंड येते.

चुना कळीचा, म्हणजे भाजलेल्या खड्यांचा, घ्या आणि कामाच्या ठिकाणी भिजवा. निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली राहू द्या, जास्त राहिला तर उत्तम. रंगाच्या दुकानातली कधीची उघडी पडलेली पिशवी चालणार नाही, तिचा अर्धा जीव हवेनेच गेलेला असतो. एक भाग चुन्याला अडीच-तीन भाग वाळू, त्यातला काही भाग सुरखी. आपल्या पावसाळी हवेत सुरखी हवीच, तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो. पूर्वी हे सगळे बैल ओढत त्या चुन्याच्या घाण्यात दळत. आता दळायचे यंत्र मिळते. सिमेंट कालवायचा मिक्सर नुसते ढवळतो, दाबून दळत नाही, हा फरक लक्षात ठेवा.

गूळ घालायचा का, हे कोल्हापुरात हमखास विचारतात. घालायचा, पण लाडू करायचे नाहीत. थोड्या गुळाच्या आणि हिरड्याच्या पाण्याने चुना लोण्यासारखा फिरतो आणि चांगला बसतो. जास्त झाला तर आठवडाभर घट्टच होत नाही आणि मुंग्यांची सोय होते. एका मुकादमाने माझ्या डोळ्यांदेखत बादलीत अख्खी ढेप सोडली होती, वर मलाच म्हणाला, “आपल्याकडं काय गुळाला तोटा हाय व्हय?”

जुना दर्ज हाताने खरवडा, रुंदीच्या दुप्पट खोल, साधारण इंचभर. ग्राइंडर लावू देऊ नका, तो दगडाची कड खातो आणि गेलेली कड परत येत नाही. आधीच कुठे सिमेंट भरलेले असेल आणि टाकीने सुटत नसेल तर दगड फोडण्यापेक्षा तेवढे राहू द्या. धुवा, भिजवा, मग चुना दाबून भरा, दगडाच्या तोंडापासून किंचित आत ठेवा. वर गोणपाट टांगून आठ-दहा दिवस ओले ठेवा. दसऱ्यानंतर सुरू करून होळीच्या आत उरका. चैत्रातल्या उन्हात चुना वाळतो पण धरत नाही, आणि जुलैत तो वाहून जातो. वरून पारदर्शक ‘वॉटरप्रूफ’ कोटिंग मारायला कुणी आलाच, तर त्याला चहा द्या आणि पाठवा.

ठरावाचे काय? चुन्याचे काम दरसूचीत बसत नाही, असे तुम्हाला सांगितले जाईल. नसेल तर दर पृथक्करण करून, म्हणजे माल-मजुरीचा हिशेब मांडून, मंजुरी घेता येते, कुणीतरी बसून ते लिहावे लागते एवढेच. इमारत वारसा यादीत आहे का, हे नगर रचना विभागात आधी विचारा. यादीत असेल तर वारसा समितीला न विचारता गिलावा फोडणेही अंगाशी येऊ शकते. ठरावातला कामांचा क्रम बदलून घ्या: पहिले छप्पर आणि पन्हळी, दुसरे तुळईची टोके, तिसरे भिंतीबाहेरच्या जमिनीचा उतार. अनेक ठिकाणी रस्त्यावर थर चढत चढत जोते बुडालेले असते आणि पाणी उलटे भिंतीकडे येते. दर्जे चौथे. गिलावा सगळ्यात शेवटी. पहिली तीन झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्या. मला तीन ठिकाणी असा अनुभव आहे, की त्यानंतर गिलाव्याच्या रकमेतली निम्मी लागलीच नाही.

सभेत बोलून पटेल असे मला वाटत नाही. तेव्हा असे करा. पुढचा मोठा पाऊस लागेल तेव्हा छत्री घेऊन इमारतीभोवती अर्धा तास फिरा. पन्हळीतून पाणी कुठे सांडते, कोणत्या भिंतीवरून ओघळते, जोत्याशी कुठे साचते, त्या जागेचा मोबाइलवर फोटो काढा. मग आत या आणि ओलीचे डाग ज्या भिंतीला आहेत तिथला फोटो घ्या. दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापून ठरावाच्या कागदाला टाचा. कनिष्ठ अभियंत्याला बरोबर घेऊन फिरलात तर त्याहून बरे, फक्त त्याला छत्री तुम्ही न्या.